जुन्या शाळेचा ठराव

लुएला गेल्याचं गावात सगळ्यात शेवटी कळलं ते तिच्या नवऱ्याला.

जानेवारीतला बुधवार होता. ऑरिन थेअर त्या संध्याकाळी दरीपलीकडच्या एका गोठ्यात दूध काढायचं यंत्र दुरुस्त करत होता. तिथे फोन लागत नाही. इकडे जुन्या शाळेत लुएलाचा वर्ग भरायची वेळ झाली होती. तिने नेहमीसारखं लवकर जाऊन लाकडाची शेगडी पेटवली, खुर्च्या मांडल्या आणि त्यातल्याच एका खुर्चीवर ती बसली. पोरं आली, म्हातारी माणसं आली. बाई डोळे मिटून बसल्यात म्हणून सगळे आपापल्या जागी गप्प राहिले. पोरांनी बुटांवरचा बर्फसुद्धा हळूच झटकला. शेवटी सेन्का पुढे गेली. सेन्का बोस्नियाहून आलेली, वृद्धाश्रमात काम करणारी. मेलेलं माणूस तिला लांबून ओळखू येतं.

सेन्काने ऑरिनच्या मुलाला, क्लिफला बोलावलं. क्लिफ गावच्या पंचांपैकी एक, आणि आगीच्या बंबावरही तोच. क्लिफने आपल्या बहिणीला, मेरिबेथला फोन केला. तोवर दुकानात कळलं होतं, चर्चमध्ये कळलं होतं. ऑरिनकडे त्याची थोरली बहीण ॲग्नेस गाडी घेऊन गेली, ती डॉक्टर येऊन गेल्यावर.

ऑरिनने हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "क्लिफ का नाही आला?"

"तो तिथे हवा होता."

"मीपण तिथे हवा होतो," ऑरिन म्हणाला. मग त्याने हात पुसले.

ही गोष्ट त्याने मनातून काढली नाही. दफनाचं तर नावच नव्हतं. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमधली जमीन हिवाळ्यात दगड होते, कुदळ लागत नाही. लुएलाची पेटी दफनभूमीतल्या दगडी कोठीत ठेवली, मे महिन्यात माती मऊ झाल्यावर खाली उतरवायची म्हणून. ऑरिन रोज कोठीपर्यंत चालत जायचा आणि कुलूप बघून परत यायचा.

फेब्रुवारीत गावसभेची नोटीस लागली. दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी ईस्ट कॉर्बिन गावची सगळी मतदार माणसं सभागृहात जमतात आणि वर्षाचा कारभार स्वतः ठरवतात. रस्त्यावर खडी किती टाकायची इथपासून. नववा ठराव होता जुनी शाळा विकण्याचा. खाली पंचांच्या सह्या, त्यात क्लिफची.

नोटीस लागली त्या रविवारी सगळे ऑरिनच्या स्वयंपाकघरात जेवायला जमले होते. लुएलाच्या पश्चात ॲग्नेसने ही प्रथा जबरदस्तीने चालू ठेवली होती. मेपलच्या जंगलाची वाटणी झाल्यापासून क्लिफ आणि मेरिबेथ एकमेकांशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी ॲग्नेसकडे मागायचे.

"आत्या, क्लिफला विचार," मेरिबेथ म्हणाली, "सही करताना हात थरथरला का."

"विचारत नाही. मी काय टपालखातं आहे?"

क्लिफ वडिलांकडे वळला. "बाबा, छप्पर बसलंय. पुढच्या हिवाळ्यात खाली येईल. एक माणूस विकत घ्यायला तयार आहे."

"कुठला?"

"बाहेरचा. उन्हाळ्यापुरता येऊन राहील."

"म्हणजे तुझी आई जिथे गेली तिथे कुणीतरी पाय पसरून बिअर पीत बसणार."

"आई कुठे ना कुठे जाणारच होती," क्लिफ म्हणाला. बोलल्यावर त्याचंच तोंड उतरलं, पण शब्द गेला तो गेला.

मेरिबेथने ताटली आपटली. "शाळा रिकामी नाहीये. दर बुधवारी मी उघडते. वर्ग चालू आहे."

"आईसाठी यायचे ते लोक. तुझ्याकडे दया म्हणून येतात."

"येतात ना?"

"मेरिबेथ, वर्ग माणसाचा असतो. भिंतींचा नसतो."

"मग कुठे भरवू? तुझ्या गोठ्यात? वाचनालयात चार खुर्च्यांवर पाचवी मावत नाही. शाळा गेली की वर्ग गेला. तुला हे माहीत आहे आणि तरी तू सही केलीस."

ऑरिन ऐकत होता. खरं तर त्या वर्गात तो एकदाही बसला नव्हता. सात वर्षांची पोरं आणि ऐंशीचे म्हातारे एका बाकावर बसून देशाची घटना शिकायचे. ती कुणी लिहिली आणि लिहिताना कुणाला खोलीबाहेर ठेवलं, काळ्या माणसांना मत कधी मिळालं, मिळूनही देता कधी आलं, बायकांना कधी, आणि या टेकड्यांवर आधी ज्यांची वस्ती होती त्या अबेनाकी लोकांना स्वतःच्याच भूमीत कधी, हे सगळं. नागरिकत्वाची परीक्षा द्यायला जाणारे परदेशी तिथेच तयारी करायचे. सेन्का तशीच पास झाली. शेवटचा अर्धा तास लुएला लुटुपुटूची गावसभा भरवायची. कोंबड्या पाळायच्या की नाही यावर पोरं तावातावाने ठराव मांडायची. रात्री जेवताना ती ऑरिनला सांगू लागली की तो म्हणायचा, "मला गावसभा नको शिकवूस. मी बापाच्या मांडीवर बसून शिकलोय. बीन्स इकडे दे." ती बीन्स द्यायची.

पण आता शाळा विकायची म्हटल्यावर त्याला ती आपली वाटली. तो मेरिबेथला म्हणाला, "सभेत माझ्या शेजारी बस. आपण दोघं मिळून पाडू हा ठराव."

मेरिबेथने त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून शेताची, जंगलाची कामं बापाने क्लिफशी बोलून ठरवली होती. "आपण दोघं" हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"बसते," ती म्हणाली.

क्लिफने टोपी उचलली आणि जेवणानंतरचा गोड ‘ॲपल पाय’ न खाताच निघून गेला. ॲग्नेस म्हणाली, "सफरचंदाचा होता. त्याच्या बायकोला तसा येत नाही. रागाला अक्कल नसते."

सभेच्या सकाळी ऑरिन आणि ॲग्नेस सभागृहाशी पोचले तेव्हा क्लिफच्या गाडीपाशी क्लिफ आणि मेरिबेथ बोलत उभे होते. डोकी जवळ आणून, हळू आवाजात. ऑरिन थबकला.

"यांची दिलजमाई कधी झाली?"

"बोलू दे की. भावंडं आहेत," ॲग्नेस म्हणाली.

"जंगलातला तळ्याकडचा तुकडा मागत असेल ती. आणि तो देत असेल."

"तुझ्या डोक्यात जाळी धरलीय, ऑरिन."

मेरिबेथ आत येऊन त्याच्या शेजारी बसली. गाडीपाशी काय बोलणं झालं हे तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. क्लिफ पुढे पंचांच्या टेबलाशी बसला होता. तळघरातून भाजलेल्या बीन्सचा आणि हॅमचा वास वर येत होता. सभेचं जेवण करायची पाळी यंदा सेन्का आणि तिच्यासोबतच्या बायकांची होती, आणि त्या जवळजवळ सगळ्या लुएलाच्या वर्गातल्या.

आठ ठराव रेंगाळत गेले. खडीवरच तासभर गेला. नववा आला तेव्हा लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते. क्लिफने छपराचं सांगितलं. मेरिबेथने वर्गाचं सांगितलं, थोडं आणि नीट. ऑरिन बोलायला उठणार तोच मागून फिच नावाचा माणूस म्हणाला, "अध्यक्ष, चर्चा पुरे झाली. मत घ्या. बीन्स निवतायत."

लोक हसले. चर्चा थांबवायला बहुतेकांनी होकार भरला.

मेरिबेथ मात्र हसली नाही. तिने मान वळवून तळघराच्या दाराकडे पाहिलं, मग सभागृहभर नजर फिरवली, पुन्हा दाराकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ऑरिनला वाटलं घाबरली आहे. त्याने तिचा हात थोपटला.

"शाळा विकण्याच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. पुढे क्लिफ उभा राहिला. आणि ऑरिनच्या हाताखालून हात काढून घेऊन मेरिबेथ उभी राहिली.

ऑरिनला आधी वाटलं तिला ऐकू आलं नाही. "बस," तो पुटपुटला. "हे विकणाऱ्यांचं आहे."

"माहीत आहे."

मोजणी झाली. मग विरोधातले उभे राहिले, त्यात ऑरिन आणि ॲग्नेस. दहा-बारा मतांनी ठराव पास झाला. सगळे बसले, ऑरिन उभाच राहिला. सभागृहात पोरीचं तोंड सगळ्यांना दिसत होतं आणि त्याचंही.

"तुझ्या आईला अजून माती मिळाली नाही," तो म्हणाला, आणि मुद्दाम हळू बोलला नाही. "ती तिकडे कोठीत पडलीय. आणि तू तिची शाळा विकलीस. कशासाठी? तळ्याकडच्या तुकड्यासाठी?"

मेरिबेथचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "काही बोलू नका. फक्त बसून राहा."

"मला गप्प बसवतेस?"

"बसून राहा एवढंच सांगतेय. हात जोडते."

त्याने कोट उचलला. "ॲगी, चल. इथे आपलं कुणी नाही."

ॲग्नेस घुटमळली. पण ऑरिन तिच्याच गाडीतून आला होता, आणि सगळ्या गावासमोर भावाला एकटं पाठवायचं तिच्या जिवावर आलं. ती उठली. दोघं दाराशी पोचेपर्यंत मागून मेरिबेथचा आवाज आला, "अध्यक्ष, मला मागणी मांडायची आहे."

"ती काहीतरी बोलतेय. थांब जरा," ॲग्नेस म्हणाली.

"बोलू दे. आता ऐकायचं काय उरलंय?"

बाहेरच्या पायऱ्यांपाशी तळघराचं दुसरं दार धाडकन उघडलं. सेन्का वर येत होती, कमरेला ॲप्रन, हातात बीन्सचा मोठा डाव तसाच. तिच्यामागे आठ-दहा बायका.

"मिस्टर थेअर, उलटे कुठे चाललात? वर चला, मत आहे."

"झालं मत," ऑरिन म्हणाला. "उशीर केलात, बायांनो."

"नाही, नाही, मेरिबेथने निरोप पाठवला..."

"मेरिबेथचं मत बघून आलोय मी."

तो गाडीत जाऊन बसला. सेन्का क्षणभर डाव धरून उभी राहिली. मग बायकांना घेऊन आत धावली.

घरी ॲग्नेसने वाटाण्याचं सूप गरम केलं. ऑरिनने वाडगा पुढे ओढला, पण चमचा उचलला नाही.

"ती काहीतरी करत होती," ॲग्नेस म्हणाली.

"केलं तिने. सगळ्यांनी बघितलं."

"बाया का धावत होत्या मग?"

"मला काय विचारतेस?"

उन्हं कलायच्या आत आवारात गाडी थांबली. एकाच गाडीतून क्लिफ आणि मेरिबेथ उतरले. बूट न काढता आत आले. लुएलाच्या घरात हे कधी कुणी केलं नव्हतं. मेरिबेथ दाराशीच उभी राहिली. क्लिफने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"एका मताने गेलं," तो म्हणाला.

"कसलं एका मताने? दहा-बाराने गेलं. मी होतो तिथे."

"ते पहिलं. तुम्ही उठून गेल्यावर दुसरं झालं."

"एका ठरावावर दोनदा मत?"

क्लिफने बापाकडे बघितलं, जसं परक्या माणसाकडे बघावं. "बाबा, खरंच माहीत नाही तुम्हाला? इतकी वर्षं सभेला जाता."

"नीट सांग."

"फेरविचार. झालेल्या ठरावावर पुन्हा मत घ्या अशी मागणी करता येते, आणि आधी त्या मागणीवर मत होतं. लगेच करावी लागते, पुढचा ठराव सुरू व्हायच्या आत. आणि ती करता येते फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाला. हरलेल्याला नाही, नाहीतर हरलेला दिवसभर तेच मागत बसेल." त्याने टेबलावर बोट आपटलं. "आई पोरांना सांगायची, हरताय असं दिसलं की जिंकणाऱ्यांबरोबर उभे राहा. कोंबड्यांच्या ठरावावर शिकवायची. आठ वर्षांच्या पोराला माहीत आहे हे. मला माहीत आहे. सगळ्या घरात एक तुम्हाला माहीत नाही."

ॲग्नेस खुर्ची धरून बसली.

"आपली माणसं तळघरात होती," मेरिबेथ दारातून म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "सेन्का, सगळ्या. फिचने त्या खाली असतानाच मत घ्यायला लावलं. आपण हरणार हे मोजून दिसत होतं. म्हणून मी उठले. एका पोरीला खाली पिटाळलं आणि मागणी केली."

"मला सांगायचंस."

"कधी? लोक उभे राहत होते. बसून राहा म्हटलं. तीनदा म्हटलं."

ऑरिन क्लिफकडे वळला. "आणि तू? तुला तर हवंच होतं हे. हसला असशील."

"मी तिच्या बाजूने उभा राहिलो."

"कुणाच्या?"

"मेरिबेथच्या. शाळा विकावी असंच माझं मत आहे, आजही. पुन्हा मत झालं असतं तर विकायलाच मत दिलं असतं. पण निम्मा गाव आपल्यासाठी खाली बीन्स ढवळतोय आणि वर ठराव उरकायचा, हे मला पटलं नाही. पंचांच्या टेबलाशी उभा राहिलो, फिचच्या डोळ्यात डोळे घालून. बाया ॲप्रनला हात पुसत उभ्या राहिल्या. आणि अध्यक्षांनी मोजलं. एक मत कमी." तो थांबला. "तुम्ही दोघं होतात. दोघं."

चुलीवर सूप रटरटत होतं. ॲग्नेसने उठून ते बंद केलं. "मी म्हटलं होतं थांब म्हणून," ती भावाकडे न बघता म्हणाली.

"म्हणालीस, पण आलीस ना माझ्याबरोबर."

"हो, आले. साठ वर्षं तुझ्या मागून येतेय. तीच माझी चूक."

ऑरिनला काहीतरी धरायला हवं होतं. त्याने हाताला लागलं ते धरलं. "सकाळी गाडीपाशी काय ठरत होतं तुमचं? ते सांगा आधी."

क्लिफ आणि मेरिबेथने एकमेकांकडे बघितलं.

"आईचा दगड," मेरिबेथ म्हणाली. "त्यावर काय कोरायचं, आणि ते तुम्हाला विचारायचं कुणी. तो म्हणत होता तू विचार, मी म्हणत होते तू विचार. तुमच्याशी बोलायला दोघंही घाबरतो, बाबा. तळ्याकडचा तुकडा मला फुकट दिला तरी नको."

ऑरिनने वाडगा बाजूला सारला. तो म्हणाला, "मग पुन्हा सभा बोलवा. काहीतरी कायदा असेल. तुझ्या आईला माहीत असतं."

"आहे कायदा," मेरिबेथ म्हणाली. "महिन्याच्या आत अर्ज द्यायचा. शंभर मतदारांमागे पाच सह्या. तेवढ्या मिळाल्या की तोच ठराव पुन्हा गावापुढे आणावा लागतो."

"झालं तर. कर गोळा सह्या."

"मी नाही."

"का?"

"मी कुणाच्या दारात जाऊ? सगळ्या गावाने ऐकलंय मी आईला विकलं. तुमच्या तोंडून ऐकलंय. दार उघडणाऱ्याला आधी ते आठवेल आणि मग तो माझं ऐकेल." तिने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "अर्जाचा नमुना आहे. गावच्या कचेरीतून आणला. तुम्ही जा दारोदार. तुम्ही सांगा त्यांना, काय झालं ते."

"मेरिबेथ," ॲग्नेस म्हणाली.

"नाही आत्या. उद्या बुधवारी शेगडी पेटवायलाही मी जाणार नाही."

ती बाहेर गेली. क्लिफ थोडा रेंगाळला. ओल्या बुटांचे डाग जमिनीवर पडले होते, त्यांच्याकडे बघत म्हणाला, "मी पंच आहे, मला सह्यांसाठी फिरता येणार नाही. पण तुम्ही आणलात कागद तर सही करीन. मत मात्र माझं तेच राहील." मग तोही गेला. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. दोघं आत बसून बोलत असावेत.

दुसऱ्या दिवशी ऑरिनने कागद वाचून काढला. ॲग्नेसने वरच्या रिकाम्या जागेत ठरावाचा मजकूर नीट अक्षरात लिहून दिला. तिने स्वतःची सही करायला पेन उघडलं तेव्हा त्याने थांबवलं. पहिली सही मेरिबेथची घ्यायची, तिच्या दारात जाऊन, आणि मग बाकीच्या गावाची, असं त्याने ठरवलं होतं.

आता मेपलचा रस वाहायला लागला आहे. रस्त्यांवर चिखल झाला आहे, पण गाड्या जातात. त्या बुधवारी सेन्का आणि पोरं शाळेच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिली, दार कुणी उघडलं नाही, मग घरी गेली. अर्जाच्या महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस सरले. कागदावर एकही सही नाही. मेरिबेथचं घर दोन मैलांवर आहे, आणि ऑरिन अजून तिच्या दारात गेलेला नाही.